मिरगाच्या आधी

“इथं बद्द वाजतंय, सूनबाई,” दादा म्हणाले.

ट्रक नुकताच परत गेला होता. केज तालुक्यातल्या आमच्या शेतात, शेडच्या सावलीत, कडब्याच्या गंजीला लागून तिला उतरवून ठेवलं होतं. तिला म्हणजे काय, तर केळ्यासारखी वाकलेली दोन लांबट पोकळ अंगं, अॅल्युमिनियमच्या नळ्या, सुतळीनं आवळलेली शिडाची गुंडाळी आणि गोणीभर नट-बोल्ट. सासऱ्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, उकिडवे बसले, आणि खिशातला रुपया काढून, बाजारात माठ वाजवून घ्यावा तसं तिचं अंग वाजवत सुटले. खण, खण, खण. मग एका जागी बद्द.

जुन्या फायबरच्या बोटी जगभर अशाच तपासतात. फायबरचे दोन पातळ थर आणि त्यांच्यामध्ये फोम, अशी ती भिंत असते. वर्षानुवर्षं ऊन-पाणी खाऊन फोम थरापासून सुटला की तिथं आवाज बसतो. दादांनी हे कुठं वाचलेलं नव्हतं. माठ, रांजण, कलिंगडं आणि विहिरीतला खडक वाजवून वाजवून त्यांचा कान तयार झाला होता. त्यांनी रुपया वाजवायचा, मी खडूनं गोल काढायचा. दिवस मावळेपर्यंत डाव्या अंगावर सात आणि उजव्यावर चार गोल झाले.

तो २०१६चा फेब्रुवारी होता. शेडमधून समोर मांजरा धरणाचा फुगवटा दिसतो, म्हणजे दिसायला हवा. त्या वर्षी समोर काळ्या मातीचा भेगाळलेला पट्टा होता आणि त्यात गाळपेरीच्या वाळलेल्या काड्या. धनेगावला भिंतीपाशी जे काही उरलं होतं त्याला पाणी म्हणावं असं ते नव्हतं.

अशा साली मी बोट आणली होती.

मुंबईत शिकताना मी नेव्हल एनसीसीत होते. व्हेलर नावाच्या जड लाकडी बोटीवर शीड ओढायला आणि वारा गालावर ओळखायला तिथं शिकले. मग लग्न झालं, अंबाजोगाईच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले आणि समुद्र सुटला. सुटला म्हणजे फक्त बघायचा सुटला, आठवायचा नाही. तीस वर्षांनी एका मैत्रिणीनं कोकणातल्या बंद पडलेल्या रिसॉर्टच्या आवारातला फोटो पाठवला. माडाखाली, पालापाचोळ्यात पालथी पडलेली दोन अंगांची बोट. भंगारात जाणार होती. नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, तो वर वळलेला आकार बघून मी ओळखलं, ही होबी १४.

होबी आल्टर हा कॅलिफोर्नियातला सर्फबोर्ड बनवणारा माणूस. १९५०च्या दशकाच्या शेवटी बाल्सा लाकूड बाजूला ठेवून ज्यांनी फोमचे सर्फबोर्ड करायला घेतले, त्यांच्यातला तो एक पुढचा. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्याच फोम-फायबरच्या कसबातून त्यानं ही १४ फुटी बोट काढली. किनाऱ्यावरून एकट्या माणसानं ढकलत न्यावी आणि लाटेवर स्वार होऊन परत वाळूत चढवावी, एवढी ती हलकी, शंभर किलोच्या आसपास. एकच शीड, साधारण ११ चौरस मीटरचं. थोड्याच वर्षांत तिची मोठी बहीण होबी १६ आली, दोन माणसांची, दोन शिडांची, आणि लोक तिच्या मागं गेले. चौदा फुटी हळूहळू दिसेनाशी झाली. आपल्याकडं तर ती मुळातच अपवाद.

तिच्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तिच्या अंगांच्या आकारात आहे. साध्या शिडाच्या बोटीला वाऱ्यानं आडवं सरकू नये म्हणून पोटाखाली एक पातं सोडावं लागतं. होबीला पातं नाही. तिची दोन्ही अंगं बाहेरून जवळजवळ सपाट आणि आतून फुगीर आहेत. विमानाच्या पंखाचा आकार उभा करून पाण्यात बुडवावा तसं. वाऱ्याच्या दाबानं एक अंग पाण्यात खोल बसतं आणि ते फुगीर बाजूकडं, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, ओढ घेतं. बोट सरकायला बघते आणि तिचं स्वतःचंच अंग तिला धरून ठेवतं. वर्गात बर्नुलीचं तत्त्व शिकवताना मी पुढं हेच उदाहरण द्यायला लागले. पातं नसल्यामुळं ती गुडघाभर पाण्यातही चालते. आमच्या उथळ, चिखलाच्या काठाला याहून योग्य बोट मला सुचली नसती.

पण काठ कुठं होता?

त्या उन्हाळ्यात लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमचं अंबाजोगाईही मांजरावरच जगणारं गाव, त्यामुळं लातूरची बातमी आम्ही शेजारच्या घरातलं दुखणं ऐकावं तशी ऐकत होतो. माझ्या वर्गातल्या मुली पहाटे टँकरच्या रांगेत उभ्या राहून मग कॉलेजला यायच्या आणि दुसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकायच्या. त्यांच्यासमोर उभं राहून संध्याकाळी शेतात जाऊन बोट घासायची, याची मला लाज वाटायची. खरी लाज. एका रात्री मी दादांना म्हटलंही, की ताडपत्री टाकून ठेवू या, हे दिवस बोटीचे नाहीत.

दादा तंबाखू मळत होते. म्हणाले, “आवंदा न्हाई तर पुढल्या साली यील पाणी. मिरगाच्या आधी औत भरून ठेवायचं आसतंय. पाऊस पडल्यावर सुताराकडं पळून कसं भागंल?”

बोटीला त्यांनी औतात धरलं होतं. पाभर, वखर, कोळपं आणि ही. मला त्यावर काही बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही परत कामाला लागलो, पण एक नेम करून. बोटीच्या कामाला पिण्याच्या पाण्यातला थेंब वापरायचा नाही. भांडी धुतलेल्या पाण्यातलं निवळलेलं वाटीभर, तेवढंच. आणि उरलेलं शेडच्या कोपऱ्यातल्या लिंबाच्या रोपाला. ते रोप दादांनी आदल्या पावसाळ्यात लावलं होतं आणि तोंड धुतलेल्या पाण्यावर जगवलं होतं.

हा नेम पाळायचा म्हणजे कामाची पद्धतच बदलणं आलं. फायबर घासतात ते पाण्याचा कागद वापरून, ओलं. आम्ही कोरडं घासलं, तोंडाला ओला नसलेला पंचा आणि वर मास्क बांधून. त्याची पांढरी धूळ कातडीत शिरते आणि रात्रभर खाजते. गळती शोधायची पद्धत मात्र वाटीभर पाण्यात बसणारी निघाली. बोटीच्या प्रत्येक अंगाला मागं एक बूच असतं. ते काढून तिथं नळी लावायची, हलकी हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावत जायचं. जिथं बुडबुडा फुगला तिथं भोक. कॉम्प्रेसरची हवा इथं अजिबात चालत नाही, दाबानं अंग सांध्यातून उकलतं. म्हणून दादांच्या नातवानं, माझ्या पुतण्यानं, तोंडानं फुंकलं. गाल फुगवून, डोळे मोठे करून, पिपाणी वाजवावी तसं. तीन बुडबुडे सापडले.

उन्हाचीही एक शिकवण मिळाली. बंद पोकळीतली हवा बेचाळीस अंशांत फुगते, म्हणून बोट जमिनीवर असताना बुचं काढूनच ठेवायची. बुचं हरवू नयेत म्हणून दादांनी ती बैलाच्या घागरमाळेत ओवून खुंटीला लावली.

फायबरचं काम जाणणारा माणूस लातुरात मिळाला. कूलरच्या बॉड्या आणि बसचे बंपर करणारे एक वयस्कर कारागीर, सगळे त्यांना चाचा म्हणतात. बोट त्यांनी आधी हाताळलेली नव्हती. त्यांनी अकरा गोलांवरून तळहात फिरवला आणि कोणती जागा ठिगळाची आणि कोणती सुईची ते सांगितलं. जिथं वरचा थर शाबूत होता तिथं बारीक भोकं पाडून इंजेक्शनच्या सिरिंजनं आत पातळ इपॉक्सी, म्हणजे घट्ट होऊन चिकटवणारा राळेसारखा रस, भरायचं आणि वर वजन ठेवायचं. जिथं थर फुटला होता तिथं कापून काढायचं, कडा उतरत्या घासायच्या आणि काचेच्या धाग्यांच्या मॅटचे थर चढवायचे. जुनी बोट पॉलिएस्टर रेझिनची. तिच्यावर इपॉक्सी चिकटतं, पण इपॉक्सीवर परत पॉलिएस्टर नीट धरत नाही, म्हणून काय आधी आणि काय नंतर हे ठरवूनच डबा उघडायचा. वरच्या लेपाच्या रेझिनमध्ये कोबाल्ट, म्हणजे रेझिनला घाई करणारं द्रव्य, आधी मिसळून घ्यायचं आणि हार्डनर, म्हणजे त्याला घट्ट करणारं, शेवटी. ही दोन एकमेकांत थेट कधीच ओतायची नाहीत, भडका उडतो. चाचांनी या दोन बाटल्या शेडच्या दोन टोकांना ठेवल्या आणि पुतण्याला दोनदा म्हणून दाखवायला लावलं.

“धूप में माल चुटकी में पकड लेता, मॅडम,” ते म्हणायचे. खरंच होतं ते. दुपारी हार्डनर टाकला की पाच मिनिटांत वाटीतच दगड. म्हणून आम्ही पहाटे चारला काम सुरू करायचो आणि सूर्य अंगावर आला की थांबायचो. चैत्रातल्या त्या पहाटा मला आयुष्यभर पुरतील. टिटवी ओरडायची, लांबून टँकरची घरघर यायची, आणि बॅटरीच्या उजेडात चाचा ब्रशच्या टोकानं मॅटमधली हवा हळूहळू काढत बसायचे.

मग दोन अंगं जोडायची वेळ आली आणि काम दादांच्या हाती गेलं.

कॅटमरान हा शब्द तमिळ आहे. कट्टु म्हणजे बांधणं, मरम् म्हणजे लाकूड. बांधलेली लाकडं. कोरोमंडलच्या कोळ्यांचे ओंडके बांधून केलेले तराफे गोऱ्या लोकांनी पाहिले, नाव उचललं आणि पुढं ते दोन अंगांच्या बोटीला चिकटलं. मी हे दादांना सांगितल्यावर ते म्हणाले, “मंग बांधायचंच काम हाय की.” होबीच्या दोन अंगांवर चार खुंट, खुंटांवर अॅल्युमिनियमची चौकट आणि चौकटीत ताणून बसवलेलं जाळीचं कापड, ज्यावर माणूस बसतो. इंग्रजीत त्याला ट्रॅम्पोलिन म्हणतात. दादांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, ही बाज आहे.

जुनं कापड हातात घेतलं तर पापडासारखं मोडत होतं. नवं जाड जाळीचं कापड मुंबईहून मागवलं, कडेनं पितळी रिंगा मारून घेतल्या. दोर ओवायला मी पुस्तकातली आकृती घेऊन बसले होते. दादांनी ती बाजूला ठेवली. आधी सगळीकडून सैल ओवायचं, म्हणाले. एका कोपऱ्यापासून आवळत गेलं की बाज तिरकी होते. मधून सुरुवात करायची आणि दोन्हीकडं सारखं जायचं. मग रात्रभर तसंच सोडायचं, दोर आपली जागा घेतो, आणि सकाळी थंड्या वेळी परत आवळायचं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसानं पाय चौकटीला लावून, मागं रेलून दोर खेचला तेव्हा त्या कापडावर बोट आपटलं तर हलगीसारखा आवाज आला. कोऱ्या बाजेवर आधी घरातल्या मोठ्या माणसानं बसायचं असतं. दादा बसले. मीच त्यांना हात धरून बसवलं.

दोर काथ्याचा नव्हता, पॉलिएस्टरचा होता, हे त्यांना शेवटपर्यंत रुचलं नाही. गाठ सरकते म्हणायचे. म्हणून प्रत्येक टोकाला त्यांनी बैलाच्या दाव्याची गाठ मारली. ती आजवर सुटलेली नाही.

डोलकाठीबद्दल मला जरा सावकाश सांगायचंय, कारण शिडाच्या बोटीत सगळ्यात जास्त चुकीच्या कल्पना तिच्याबद्दल असतात. लोकांना वाटतं ती बुडाशी घट्ट रोवलेली असते. होबीची २२ फुटांची डोलकाठी पुढच्या आडव्या नळीवरच्या एका वाटीत नुसती टेकलेली असते, आणि वारा बदलेल तशी स्वतःभोवती फिरतेसुद्धा. तिला उभं ठेवतात त्या फक्त तीन तारा, एक पुढं नाळांकडं, दोन दोन्ही बाजूंना. यातली एक तुटली की सगळं खाली. म्हणून जुनी बोट घेतली की तारा कितीही बऱ्या दिसल्या तरी बदलायच्या. जुन्या तारेवरून कापसाचा बोळा फिरवला की तुटलेला एखादा केस, म्हणजे तारेतला बारीक धागा, त्यात अडकतो. आमच्या बोळ्याचा कापूस जागोजाग अडकला.

गावातला लाइनमन मदतीला आला. विजेच्या खांबाला तिरपा ताण देणारी तार असते, तिला ते लोकही, बोटीच्या तारेला म्हणतात तसं, ‘स्टे’ म्हणतात, त्यामुळं आमची भाषा लगेच जुळली. त्यानं आधी खांबाचीच तार आणून दाखवली. ती जस्त चढवलेली, जाड, ताठ. बोटीला लागते साधारण तीन मिलिमीटरची स्टेनलेसची, एकोणीस केसांची. ती मुंबईहून आली. टोकं दाबून घेतली. बाजूच्या दोन तारा एकाच लांबीच्या झाल्यात का, हे त्यानं दोन्ही एका खिळ्याला अडकवून, एकत्र ताणून बघितलं.

मग तो शेडबाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. मी बघायला गेले तर तो शेडपासून धरणाच्या काठापर्यंतची वाट पायानं चालत होता, मान वर करून. उसाच्या मोटारींसाठी ओढलेली लाइन त्या वाटेवरून दोनदा जाते.

“मॅडम, ही काठी अॅल्युमिनियमची. हिला तार चिकटायचीसुद्धा गरज नाही, जवळ गेली तरी पुरे.”

मी हे वाचलेलं होतं. परदेशात अशा बोटींच्या डोलकाठ्या विजेच्या तारांना लागून माणसं गेली, आणि त्यानंतर होबीवाल्यांनी काठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरचा करायला घेतला. आमची त्या आधीची, टोकापर्यंत धातूची. पण वाचलेलं असूनही माझ्या डोळ्यांना आमच्याच शेतावरच्या तारा दिसल्या नव्हत्या. रोज दिसणारी गोष्ट अशी नाहीशी होते. त्यानं शेवटच्या खांबापलीकडं पन्नास पावलं मोजली, तिथं दगड रोवला, त्याला चुना लावला. काठी या दगडाच्या अलीकडं कधी उभी करायची नाही. हा आमच्या बोटीचा पहिला कायदा, आणि तो मोडायची मुभा मी कुणालाही, स्वतःलाही, देत नाही.

शीड शिवलं ते ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या कारागिरानं. जुनं टेरिलिनचं कापड अजून जीव धरून होतं, शिवणीचा दोरा मात्र उन्हानं जळला होता. सरळ टाक्यांनी शिवलं तर वाऱ्यानं कापड ताणताच दोरा तुटतो, नागमोडी टाका कापडाबरोबर लांबतो. हे त्याला सांगावं लागलं नाही, ताडपत्रीलाही तेच लागतं. दुकानात जागा पुरेना म्हणून त्यानं शीड रस्त्याकडेच्या ओट्यावर पसरलं आणि येणारेजाणारे थांबून बघायला लागले. एक आजोबा म्हणाले, दासोपंतांची पासोडी काढली काय बाहेर? आमच्या अंबाजोगाईला चारशे वर्षांपूर्वीचं, अक्षरांनी भरलेलं ते सुमारे ४० फूट लांब कापड जपून ठेवलेलं आहे. लांबरुंद कापड दिसलं की आमच्या गावाला पहिल्यांदा तेच आठवतं. मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला.

तसं बोटीशी आमच्या मुलखाचं नातं जुनं आहे. पैठणच्या सातवाहनांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक टिपणात पैठण आणि तगर, म्हणजे आमच्या शेजारचं तेर, या दोन गावांची नावं आहेत. इथला माल गाड्यांवर लादून वाटा नसलेल्या मुलखातून भडोचला जायचा आणि तिथून जहाजांत चढायचा. एवढं अंतर गाडीनं तोडून समुद्र गाठणारी माणसं होती ती.

मिरगाच्या आधी बोट तयार झाली. मिरग कोरडाच गेला. आषाढात थोडं आलं, श्रावणात ओढ बसली. दादा रोज संध्याकाळी शेडमध्ये जाऊन बाजेवर टिचकी मारायचे, सैल वाटली तर दोर एक बोटभर आवळायचे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस लागला आणि थांबेचना. रात्रीतून नाले आले, गाळपेरीची पट्टी गेली, बाभळी कमरेपर्यंत बुडाल्या. मांजरा भरली. लोक गाड्या करून धरणावर नुसतं पाणी बघायला आले. खणानारळानं ओट्या भरल्या. मी पहिल्या दिवशी बोटीला हात लावला नाही, तो दिवस त्या पाण्याचा होता.

परवानगीचे कागद होऊन, गढूळपणा बसून आम्ही बोट पाण्यात घातली ती दिवाळीनंतर. मासे धरणाऱ्या भोई मंडळींनी आधी थर्माकोलच्या तराफ्यावरून मला फिरवून आणलं. जाळी कुठं लागलेली असतात, कुठं बुडालेली विहीर आहे, कुठं बाभळीचे शेंडे हातभर पाण्याखाली आहेत, सगळं बोटानं दाखवलं. मग चुन्याच्या दगडाच्या पलीकडं काठी उभी केली. लाइनमननं पुढची तार धरली, चाचांनी खांदा दिला, ताडपत्रीवाल्यानं स्वतःच्या हातानं शीड चढवलं. बुचं लावली. ढकललं.

वारा थोडासाच होता, ईशान्येचा, थंड. शीड एकदा फडफडलं, मग भरलं, आणि एकदम आवाज थांबला. वाऱ्याच्या पलीकडचं अंग पाण्यात बसलं, वाऱ्याकडचं किंचित उचललं. वाऱ्याकडची तार ताठ झाली आणि दुसरी सैल लोंबायला लागली. काठावरून लाइनमन ओरडला की तार सुटली. मी हात हलवला. ती तशीच असायची असते.

वळायच्या वेळी मात्र मी चुकले. एका शिडाची दोन अंगी बोट वाऱ्यासमोर तोंड करून वळताना अर्ध्यात अडून बसते. पुढं जात नाही, वळत नाही, शीड नुसतं फडफडतं. माझं तस्संच झालं, सगळ्या गावासमोर. तेव्हा घाई करायची नसते. शीड हातानं बाहेर ढकलून धरायचं, बोट मागं सरकू द्यायची आणि सुकाणू उलटं फिरवायचं. ट्रॉली मागं घेताना ट्रॅक्टरवाला चाक फिरवतो, त्याच हिशोबानं. बोट आपली आपण हळूच कलली, वारा दुसऱ्या बाजूनं आला आणि ती निघाली. काठाकडं बघितलं तर सगळे उभे होते, दादा एकटे बाभळीखाली उकिडवे बसलेले.

परत आल्यावर काठी उतरवून चौघांनी बोट उचलून शेडपाशी आणली. दादांनी घागरमाळ आणली, बुचं काढून तीत ओवायला. उजव्या अंगाचं बूच काढलं, काही आलं नाही. डाव्याचं काढलं तर बारीक धार लागली. चाचांचा चेहरा उतरला. दादांनी धारेखाली तांब्या धरला. गळाभर भरला आणि धार थांबली. त्यांनी तो उचलून आत डोकावून बघितलं, मग सावकाश उठून लिंबाच्या रोपाच्या बुडाशी ओतला, आणि खिशातला रुपया काढून डाव्या अंगापाशी येऊन बसले.